बीएमडब्ल्यू झेड३ कूपे आणि एम कूपे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या गाडीचा फोटो पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो: 'ही अशी का दिसते?' आणि 'हिच्यामागे लोक एवढे वेडे का?' दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते एका वाक्यात मावत नाही.

ही नेमकी कुठली गाडी?

बीएमडब्ल्यूने १९९५ मध्ये झेड३ नावाची छोटी रोडस्टर आणली. दोन आसनं, लांब बॉनेट, आखूड शेपूट आणि मागे दुमडणारं कापडी हूड. बाह्यरूप जोजी नागाशिमा यांचं. गाडी बनायची अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, कंपनीच्या स्पार्टनबर्ग कारखान्यात. याच गाडीवर कायमचं पोलादी छत चढवून केलेली कूपे १९९७ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये लोकांसमोर आली. १९९८ पासून २००२ पर्यंत ती त्याच कारखान्यात बनली. तिच्यातली सर्वांत जहाल आवृत्ती म्हणजे एम कूपे ('एम' हा कंपनीचा वेगवान गाड्या घडवणारा विभाग). कंपनीच्या अंतर्गत भाषेत रोडस्टरला ई३६/७ आणि कूपेला ई३६/८ म्हणतात. सुटे भाग शोधताना हे दोन आकडे लक्षात ठेवा, फार उपयोगी पडतात.

चांगली उघडी गाडी असताना तिला छत लावायची बुद्धी कुणाला आणि का झाली?

झेड३ च्या अभियंत्यांनाच. बर्कहार्ड ग्योशेल यांच्या पुढाकाराखाली काही जणांनी कामाचे तास संपल्यावर, स्वतःच्या वेळात या कल्पनेवर काम सुरू केलं. हे ग्योशेल पुढे कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. रोडस्टरचं छत काढलेलं असल्यामुळे तिचा सांगाडा खराब रस्त्यावर आणि जोरदार वळणावर थोडा पिळवटतो, हे त्यांना टोचत होतं. छतच सांगाड्याचा भाग केलं तर हीच गाडी कुठल्या कुठे जाईल, हे त्यांना दिसत होतं.

प्रकरण संचालक मंडळापुढे गेलं तेव्हा अडचण पैशाची होती. इतक्या कमी खपाच्या गाडीसाठी नवे साचे, नवे दरवाजे, नवी काच असा खर्च परवडणारा नव्हता. परवानगी मिळाली ती अटीवर: रोडस्टरचे शक्य तितके भाग जसेच्या तसे वापरायचे. म्हणून पुढची काच, बॉनेट, दरवाजे, अख्खं नाक रोडस्टरचंच राहिलं. बदलायला मोकळी होती ती दरवाजांच्या वरची आणि मागची जागा. तिथे त्यांनी छत सरळ मागे नेलं आणि शेवटी एकदम कापून उभा मागचा दरवाजा बसवला.

मला या गाडीबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. आधी सुंदर रेघ ओढून मग तिच्यात यंत्र कोंबलेलं नाही. मजबुतीची गरज आणि खर्चाची मर्यादा या दोन्हींच्या मधून जो आकार निघाला, तो त्यांनी लाजेने झाकून ठेवला नाही.

छतामुळे इतका काय फरक पडणार?

काडेपेटीचा आतला खण हातात घेऊन दोन टोकांनी उलटसुलट पिळून पाहा, सहज वाकतो. तोच खण बाहेरच्या वेष्टनात सरकवा आणि पुन्हा पिळा. रोडस्टर आणि कूपे यांच्यात हाच फरक आहे. पीळ सहन करण्याची कूपेच्या सांगाड्याची ताकद रोडस्टरच्या अडीच पटीहून जास्त आहे.

आता हे चालवताना कसं कळतं? सस्पेन्शनची स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर काम करतात ते सांगाड्याला धरून. सांगाडाच हलत असेल तर तोही एक स्प्रिंग बनतो, आणि त्या स्प्रिंगला आवर घालणारं काहीच नसतं. खड्ड्यावरून गेल्यावर रोडस्टरच्या स्टिअरिंगमध्ये आणि आरशात जी बारीक थरथर उरते ती यामुळेच. कूपेत चाकाने धक्का घेतला, सस्पेन्शनने तो पचवला आणि विषय संपला. वळणात स्टिअरिंग फिरवलं की नाक वळतं आणि त्याच क्षणी मागची बाजूही सोबत येते. रोडस्टरमध्ये या दोन घटनांच्या मध्ये एक छोटीशी फट असते. दोन्ही गाड्या एका दिवशी, एका रस्त्यावर चालवल्या तर ती फट अगदी स्पष्ट जाणवते.

रोडस्टरवर सुटा हार्डटॉप लावला तर हेच मिळेल ना?

नाही. सुटा हार्डटॉप पाऊस आणि वारा अडवतो, आवाज कमी करतो. पण तो काही ठिकाणी खिट्ट्यांनी अडकवलेला असतो, सांगाड्यात वेल्ड केलेला नसतो. कूपेचं छत आणि मागच्या खिडक्यांभोवतीचा पत्रा हे सगळं मिळून एकच पेटी बनते.

ही गाडी कुरूप नाही का?

अनेकांना वाटते, आणि त्यांचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही. बाजूने पाहिलं तर बॉनेट लांबच लांब, चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला, आणि त्याच्या पाठीमागे एका छोट्या स्टेशन वॅगनचा तुकडा. मागच्या चाकांवरचे फुगीर खांदे रोडस्टरकडून आले आहेत. रोडस्टरमध्ये ते उतरत्या शेपटीत विरघळतात, कूपेत मात्र उभ्या भिंतीला जाऊन भिडतात.

पण तिच्याभोवती एकदा हळूहळू फेरी मारा. मागून तीन-चतुर्थांश कोनातून पाहाल तेव्हा ते खांदे, अरुंद होत गेलेलं छत आणि रुंद टायर यांचा मेळ डोळ्यांत भरतो. धावायच्या पवित्र्यात वाकलेल्या माणसासारखी ती मागच्या पायांवर बसलेली दिसते. हा आकार फोटोत नीट येत नाही. ज्यांना ही गाडी आवडत नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ती प्रत्यक्षात पाहिलेली नसते.

लांब छत आणि उभी पाठ असलेल्या दोन दरवाजांच्या अशा गाड्यांना शूटिंग ब्रेक म्हणतात. शिकारीला जाणाऱ्या श्रीमंत इंग्रजांच्या गाड्यांवरून हा शब्द आला. झेड३ कूपे त्याच घराण्यातली, फक्त तिचा जन्म ऐटीसाठी झाला नाही.

तिला 'क्लाउन शू' का म्हणतात?

विदूषकाच्या बुटासारखा आकार म्हणून: पुढे लांबट फुगीर, मागे घोट्यापाशी उभा. इंग्रजी बोलणाऱ्यांनी हे नाव थट्टेने ठेवलं. जर्मनीत तिला 'टुर्नशू' म्हणतात, म्हणजे खेळाचा बूट. दोन वेगळ्या भाषांमधल्या लोकांना तिच्यात बूटच दिसावा, यावरून आकार किती ठसठशीत आहे ते कळतं. आज मालक मंडळी हे नाव प्रेमाने घेतात.

ती खरोखर किती दुर्मिळ आहे?

झेड३ एकूण जवळपास तीन लाख बनल्या. त्यात सुमारे २,७९,००० रोडस्टर आणि फक्त १७,८०० च्या आसपास कूपे. त्या कूपेंपैकी एम कूपे ६,२९१. त्यातही २००१ आणि २००२ मधल्या, शेवटच्या इंजिनाच्या एम कूपे अकराशेच्या घरात. एम रोडस्टर पंधरा हजारांहून जास्त बनल्या होत्या, म्हणजे त्यांच्याशी तुलना केली तरी एम कूपे निम्म्याहूनही कमी.

तिला कमी लोकांनी घेतलं याचं कारण सोपं आहे. रोडस्टर घ्यायला आलेल्याला वारा हवा होता आणि कूपे घ्यायला आलेल्याला मागे निदान नावापुरती दोन आसनं हवी होती. हिच्यात दोन्ही नव्हतं.

एम कूपेच्या तीन इंजिनांत फरक काय?

तिन्ही एका ओळीत सहा सिलिंडरची, तिन्ही ३.२ लिटरची म्हणून ओळखली जाणारी, पण स्वभाव वेगवेगळे.

युरोपात सुरुवातीपासून मिळालं ते एस५०. ३२१ अश्वशक्ती, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप), आणि इनटेक व एक्झॉस्ट दोन्ही कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, वेळ बदलणारी व्हॅनोस यंत्रणा. कमाल ताकद मिनिटाला ७,४०० फेऱ्यांवर. वरच्या फेऱ्यांत या इंजिनाचा आवाज कोरडा, धातूचा होत जातो आणि पायाखालच्या प्रत्येक मिलिमीटरला ते उत्तर देतं. शून्य ते शंभर साडेपाच सेकंदांच्या आत.

उत्तर अमेरिकेत त्याच वेळी एस५२ दिलं गेलं. ते साध्या मालिकेतल्या इंजिनावरून वाढवलेलं, एकाच थ्रॉटलचं, २४० अश्वशक्तीचं. कागदावर फरक मोठा दिसतो आणि त्यामुळे या गाड्यांना बरीच वर्षं दुय्यम मानलं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. एस५२ खालच्या फेऱ्यांतच छान ओढतं, त्यात हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळे व्हॉल्व्हचं अंतर वेळोवेळी जुळवावं लागत नाही, आणि ते वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. रोजच्या वेगात अंगात रग असलेली गाडी हवी असेल तर याच्यात काही कमी नाही.

२००१ मध्ये दोन्ही बाजारांत एस५४ आलं, जे त्या काळच्या एम३ मध्येही होतं. युरोपात ३२५ आणि उत्तर अमेरिकेत ३१५ अश्वशक्ती. याच गाड्यांना स्थिरता राखणारी डीएससी यंत्रणा मिळाली. संख्या सर्वांत कमी असल्यामुळे संग्राहक यांच्याच मागे असतात.

गिअरबॉक्स मात्र तिन्हींत एकच पर्याय: पाच गिअरचा मॅन्युअल. ऑटोमॅटिक एम कूपे कंपनीने कधी विकलीच नाही.

एम नसलेली कूपे घेण्यात अर्थ आहे का?

पुष्कळ अर्थ आहे. कूपेला कंपनीने चार सिलिंडरचं इंजिन कधीच दिलं नाही, त्यामुळे सर्वांत साधी कूपेसुद्धा सहा सिलिंडरचीच असते. आधी १९३ अश्वशक्तीची २.८ आणि नंतर तिच्या जागी २३१ अश्वशक्तीची ३.०. सांगाडा तोच, आकार तोच, छताचं बळ तेच. ३.० चं इंजिन गुळगुळीत आहे, त्याचे भाग इतर अनेक बीएमडब्ल्यूंशी जुळतात आणि देखभाल एमच्या मानाने खूप सोपी. गाडी गॅरेजात झाकून न ठेवता चालवायची असेल तर माझं मत ३.० ला.

मागचं सस्पेन्शन जुनं आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे. झेड३ च्या काळातल्या ३ मालिकेच्या सेडानला मागे आधुनिक मल्टिलिंक सस्पेन्शन होतं. झेड३ ला मात्र त्याआधीच्या पिढीतलं, ई३० गाडीचं सेमी-ट्रेलिंग आर्म दिलं. ते कमी जागेत मावतं आणि स्वस्त पडतं. त्याचा दोष असा की चाक वर-खाली होताना त्याचा कोनही बदलतो. भर वळणात घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होते आणि बाहेर निघू पाहते.

ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या टायरवर आणि डीएससी नसलेल्या एम कूपेत हा प्रकार चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. गाडीचं आखूड अंग लक्षात घ्या: लांब गाडी जितक्या सावकाश घसरते तितकी सवड इथे मिळत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा आणि टायर चारही चांगले ठेवा. एवढं पाळलं तर हेच सस्पेन्शन आनंदाचं कारण बनतं. मागची चाकं काय करताहेत ते थेट पाठीला कळतं, कारण तुम्ही जवळजवळ त्यांच्यावरच बसलेले असता.

मागचा पत्रा फाटतो, हे काय प्रकरण आहे?

गाडी बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी हेच तपासा, इंजिन नंतर.

झेड३ च्या डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) मागचा आधार एकाच कानावर आहे आणि तो डिकीच्या तळाच्या पत्र्याला टांगलेला आहे. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की डिफरन्शियल वर-खाली झटके देतं आणि तो सगळा जोर त्या एका ठिकाणी येतो. पत्रे स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले. वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी एकेक ठिपका सुटतो, मग पत्र्याला चीर जाते आणि आधार उखडायला लागतो. जास्त ताकदीच्या गाड्यांत, म्हणजे एममध्ये, याचं प्रमाण जास्त. छतामुळे कूपेचा सांगाडा कितीही ताठ असला तरी हा ठिपका वाचत नाही, कारण इथला जोर त्या एकाच जागेचा आहे.

ओळखायचं कसं? डिकीतला गालिचा पूर्ण उचला आणि टॉर्च घेऊन तळाच्या जोडरेषा पाहा. सुटलेले ठिपके, रंगाला गेलेल्या बारीक चिरा, नंतर मारलेलं सीलंट या सगळ्या खुणा. गाडी लिफ्टवर घेऊन खालूनही पाहा. चालवताना गिअर बदलल्यावर किंवा पाय उचलल्यावर मागून 'ठक्क' असा आवाज येत असेल तर तो नुसता झिजलेला बुश (जोडातला रबराचा तुकडा) असू शकतो आणि फाटलेला पत्राही.

दुरुस्ती होते आणि पक्की होते. फाटलेला भाग साफ करून जाड पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड करतात. काही जण त्याच वेळी डिफरन्शियलला दोन कानांचं झाकण बसवून जोर विभागून घेतात. हे काम नीट झालेलं असेल, फोटो आणि बिलं असतील, तर मी अशी गाडी कधीही न उघडलेल्या गाडीपेक्षा वर ठेवीन. तिचं दुखणं कळलेलं आहे आणि बरं झालेलं आहे.

आणखी काय बिघडतं?

कूलिंगचे प्लास्टिकचे भाग वयाने ठिसूळ होतात: रेडिएटरची मान, एक्सपान्शन टँक, थर्मोस्टॅटचं घर. वॉटर पंपही त्यांच्यासोबतच बदलून टाकावा. तापमानाचा काटा मध्याच्या वर चढला की लगेच गाडी थांबवा, थोडं पुढे जाऊन बघू असं करू नका, कारण अॅल्युमिनियमचं हेड वाकलं की खर्च कुठल्या कुठे जातो.

एस५० आणि एस५४ मध्ये व्हॅनोसची दुरुस्ती आणि व्हॉल्व्हचं अंतर जुळवणं हा ठरलेला खर्च समजा. एस५४ चे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तेल गरम होईपर्यंत त्या इंजिनाला पिळू नका. बाकी किरकोळ: आसन रुळावर डुगडुगतं, ग्लोव्हबॉक्सचं झाकण लोंबतं, मागच्या आर्मचे बुश झिजतात.

ही रोज वापरता येईल का?

रोडस्टरपेक्षा नक्कीच बरी. मागचा दरवाजा वर उघडतो आणि डिकी रोडस्टरपेक्षा बरीच मोठी आहे. दोन माणसांचं आठवड्याचं सामान आरामात बसतं, सायकलचं पुढचं चाक काढलं तर सायकलही. उंच माणसाने आधी बसून पाहावं, कारण छत खाली आहे आणि स्टिअरिंग वर-खाली होत नाही. एम आवृत्तीत जादा चाक नाही, पंक्चरचा संच असतो.

छत उघडत नाही तर मग मजा कसली?

लांब बॉनेटच्या पलीकडे रस्ता दिसतो, मागे दोन हातांवर गाडी संपते, आणि मध्ये इंजिनाचा आवाज छताखाली घुमतो. उघड्या गाडीत तो वाऱ्यासोबत निघून जातो.

खरी एम कूपे ओळखायची कशी?

मागे चार एक्झॉस्ट, पुढच्या बंपरमध्ये फॉगलॅम्प नाहीत, वेगळ्या घडणीचे आरसे, मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद (कारखान्यातून पुढे २२५, मागे २४५). पण हे सगळं बाहेरून बसवता येतं. चासी क्रमांकावरून मूळ आवृत्ती, रंग आणि इंजिन यांची खात्री करा. एस्टोरिल निळा आणि इमोला लाल यांसारखे रंग मूळचे असतील तर त्यांना विशेष मान आहे, म्हणून नंतर रंगवलेल्या गाड्याही भेटतात.

झेड४ कूपे हिची वारस म्हणायची का?

वंशाने हो. २००६ ते २००८ दरम्यान झेड४ चीही कूपे आणि एम कूपे निघाली, मागे उतरत गेलेल्या छताची. गाडी म्हणून ती उत्तम आहे आणि तिचं मागचं सस्पेन्शनही अधिक सुधारलेलं. पण ती आधीपासून देखणी असायची ठरवून काढलेली आहे, आणि तो ओबडधोबड मोकळेपणा तिच्यात नाही. २०२३ मध्ये कंपनीने नव्या झेड४ वर बेतलेली एक टुरिंग कूपे संकल्पना म्हणून इटलीत दाखवली. लांब छत, उभी पाठ. ती पाहताच सगळ्यांना आठवली ती झेड३ कूपेच.

अशा आणखी गाड्या आहेत का?

आहेत, आणि प्रत्येकीची गोष्ट थोडी वेगळी. ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये एमजीबीवर पक्कं छत चढवून एमजीबी जीटी केली, तिच्या छताची रेघ इटलीच्या पिनिनफारिनाची. ती मात्र भरपूर विकली गेली. ट्रायम्फने स्पिटफायरला छत आणि सहा सिलिंडर देऊन जीटी६ काढली. माझदाने २००३ मध्ये फक्त जपानसाठी रोडस्टरची कूपे केली, जी दोनशेहूनही कमी बनली. संख्येच्या हिशेबात ती झेड३ एम कूपेपेक्षा कितीतरी दुर्मिळ.

गाडीत बदल करावेत की मूळ ठेवावी?

पत्र्याला आणि सांगाड्याला बळकटी देणारं काम बेलाशक करा. शॉक अॅब्सॉर्बर, बुश, ब्रेकचे पॅड हे झिजायचेच, चांगले बसवा. पण आतली दोन रंगांची आसनं, मूळ चाकं, मूळ एक्झॉस्ट काढले तर फेकू नका, पुसून, बांधून, चिठ्ठी लावून ठेवा. ६,२९१ गाड्यांपैकी काही आधीच अपघातात आणि शर्यतीच्या मैदानावर गेल्या आहेत. त्यांचे भाग आता कुठल्या कपाटात मिळतील याचा भरवसा नाही.